गुरुवारची मोजणी

१९९७ साल. येरवड्यात चिंचेच्या चौकात माझा एसटीडी बूथ होता आणि मी छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची होते. दोन्ही गोष्टींबद्दल वस्तीत मतं होती. बूथ बरा चालतो, असं काहींचं मत होतं, मीटर पळतं असं काहींचं. माझ्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकच मत होतं, आणि ते मला न विचारता ठरलेलं होतं.

बूथ माझ्या वडिलांच्या नावावर होता. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. वडिलांना मी आबा म्हणायचे. सुखदेव रणपिसे, छापखान्यात खिळे जुळवायचे. चार वर्षांपूर्वी याच चौकात रस्ता ओलांडताना टेंपोनं उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. "चौकानं पाय घेतला आणि बूथ दिला, सौदा काही अगदीच वाईट नाही," असं आबा गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही. कारण आबा अजूनही रोज सकाळ-संध्याकाळ दोन कुबड्यांवर तोच रस्ता ओलांडून विहारात जायचे, आणि मी काचेतून बघत बसायचे. पलीकडे पोचले की ते वळून एक कुबडी वर करायचे. मग मी श्वास सोडायचे.

चौक तसा लहानच. एक रस्ता तुरुंगाच्या बाजूनं, एक नगर रस्त्याकडून, एक विश्रांतवाडीकडून आणि चौथा आमच्या वस्तीतून. पण त्या चार-पाच वर्षांत नव्या कंपन्या आल्या, कंपन्यांच्या बस आल्या, घरोघरी हप्त्यावरच्या दुचाक्या आल्या. थांबायला कुणी तयार नव्हतं. चौकात सिग्नल बसवा म्हणून मी सात अर्ज केले होते. सातव्याला उत्तर आलं — 'मागणी विचाराधीन आहे.' आबा म्हणाले, "अक्षरजुळणी चांगली आहे."

जुलैमधल्या एका सकाळी, सहाला दहा मिनिटं असताना, एक उंच, सडसडीत माणूस छत्री मिटत बूथमध्ये आला. सहाच्या आत फोनचा दर कमी असायचा, म्हणून त्या वेळी येणारे बहुतेक बाहेरगावचे. खांद्याला शबनम, हातात चिमटा लावलेली फळी.

"आर्वीला लावायचा होता, वर्धा जिल्ह्यात. लागेल ना जी?"

"लागेल. फोनला जिल्हा कळत नाही," मी म्हणाले.

तो केबिनमध्ये शिरला. आमच्या केबिनचं दार नीट बसत नसे, त्यामुळे पुण्यातल्या अर्ध्या परगावच्यांच्या आया मला माहीत होत्या. "हो आई, जेवतो ना... नाही, पोळ्या पातळच असतात इकडे... आज पहिलं मोठं काम आहे, मी एकट्यानं ठरवलेलं... गाड्या मोजायच्या. गाड्या, गाड्या! माणसं नाही."

बाहेर आला तेव्हा मी मीटरकडे बघत विचारलं, "गाड्या मोजून काय करणार? विकत घेणार?"

"पाहू... आवडली एखादी तर," तो म्हणाला, आणि इतकं सरळ हसला की मीच खाली बघितलं.

त्या दिवसांत थंड पेयांच्या कंपन्यांची माणसं चौकाचौकात येऊन असलं काहीबाही मोजत असायची. हा त्यातलाच, असं मी धरून चालले. बरोबर तीन कॉलेजची मुलं होती. चौघं चार कोपऱ्यांवर बसले. हा नेमका माझ्या बूथसमोर, चिंचेखाली. दुपारी पाऊस भुरभुरला तेव्हा कागद भिजू नयेत म्हणून मी टेलिफोन डिरेक्टरीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून दिलं. चहाही पाठवला.

"पुण्यात चहा न मागता मिळतो का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"नाही. बिल मागून येतं," मी म्हणाले.

संध्याकाळी सहाला मुलं गेली आणि तो ऑफिसला फोन करायला आला. मी दिवसाच्या पावत्या लावत होते. दाराच्या फटीतून आवाज आला.

"साहेब, झाली मोजणी... नाही, आकडा कमीच आला. बराच कमी... हो, सिग्नलच्या निकषात बसत नाही. सोमवारपर्यंत अहवाल देतो."

माझ्या हातातल्या पावत्या तिथंच थांबल्या.

तो बाहेर आल्यावर मी उभी राहिले. "तुम्ही सिग्नलसाठी मोजत होतात?"

"हो. आमची सल्लागार कंपनी आहे, मोजणीचं काम महापालिकेनं आम्हाला दिलं आहे. तासाला ठरावीक गाड्या गेल्या तरच सिग्नल. नाहीतर तीन वर्षं फाइल बंद."

"आणि मोजायला दिवस कोणी निवडला?"

"मीच." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "सोमवारी गर्दी जास्त असते, शनिवार-रविवार कमी. पुस्तकात लिहिलेलं असते, आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा. म्हणून गुरुवार."

मला खरं तर ओरडायचं होतं, पण आमच्याकडे फार राग आला की आवाज उतरतो. "अहो, किती दिवस झाले पुण्यात येऊन?"

"पाच महिने. का?"

"पाच महिन्यांत कुणी सांगितलं नाही? इथले कारखाने गुरुवारी बंद असतात. वीज वाचावी म्हणून साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आज कंपनीची एकही बस गेली नाही. एकही पाळी सुटली नाही. तुम्ही दिवसभर रिकामा चौक मोजलात!"

"गुरुवारी? रविवारी नाही?"

"रविवारी आर्वीत."

"बाप्पा..." असं म्हणून तो स्टुलावर बसलाच.

मला दया आली नाही, असं नाही. पण तेवढ्यात आबा विहारातून परतताना रस्त्यात उतरले. एक स्कूटर त्यांना वळसा घालून गेली, एक रिक्षा अंगावर हॉर्न वाजवत थांबली. आबा पोचेपर्यंत आम्ही दोघंही काचेतून बघत होतो.

"यांना मोजलंत?" मी विचारलं.

"हो... पादचारी, एक."

"आणि कुबड्या?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "कुबड्यांचा रकाना नाही जी."

आबांनी आत येऊन दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "माझी सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक आहे. पुढच्या महिन्यात कायम करतील की नाही ते ठरणार. आता चूक झाली म्हणून लिहून दिलं तर..." छत्री विसरून तो गेला.

मला त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहायला छान वाटलं असतं. पण लागली. दिवसभर राबलेल्या बाईला झोप लागते. सकाळी उठले तेव्हा मात्र पहिला विचार छत्रीचा आला, हे खरं.

शुक्रवारी साडेसहाला मी काचेतून पाहिलं तर तो चिंचेखाली उभा. फळी नाही, कागद नाही. नुसता बघत होता. कंपन्यांच्या बस एकामागून एक येत होत्या, मधल्या फटींतून सायकली घुसत होत्या, डबे लटकवलेल्या. पॅकिंगला जाणाऱ्या बायका हात धरून साखळी करून रस्ता ओलांडत होत्या. तीन तास तो तसाच उभा राहिला. मग बूथमध्ये आला.

"छत्री न्यायला आलात?" मी म्हणाले.

"ऑफिसला फोन लावून द्या."

या वेळी त्यानं केबिनचं दार ओढूनसुद्धा घेतलं नाही. "साहेब, खोडके बोलतो. ज्ञानदेव खोडके. मोजणी चुकली आहे. दिवस चुकीचा घेतला. मी... हो साहेब, लेखी देतो. पुन्हा मोजावं लागेल."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही. फोन ठेवून तो बाहेर आला.

"मोजा म्हणाले. पण माणसं मिळणार नाहीत. आणि कायम करायचं नंतर बघू म्हणाले."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे नाही," तो म्हणाला. "पण मोजा म्हणाले ना."

मी छत्री त्याच्या हातात दिली. "किती माणसं लागतात?"

"चार कोपरे... चार."

"तुम्ही एक. मी दोन. आबा तीन. चौथीला मी आणते."

चौथी म्हणजे दीपमाला, माझी मैत्रीण, पॅकिंगला जाणाऱ्यांतलीच एक. तिनं मंगळवारची रजा टाकली. "सिग्नलसाठी टाकते," असं मला बजावून. "इतर कशासाठी नाही. इतर तुझं तू बघ."

"इतर काय?" मी विचारलं.

"डिरेक्टरीचं कव्हर," दीपमाला म्हणाली. "चार वर्षांत मला कधी दिलं नाहीस."

सोमवारी संध्याकाळी ज्ञानदेवनं आम्हाला मोजायला शिकवलं. एक गाडी, एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी तिरपी. बस, ट्रक, रिक्षा, दुचाकी, सायकल, पादचारी, प्रत्येकाचा वेगळा रकाना. दर पंधरा मिनिटांनी नवा कागद. आबांच्या रेघा बघून तो थक्कच झाला. सगळ्या एका उंचीच्या, एका अंतरावर.

"आबा, हे तर छापल्यासारखं आहे!"

"चाळीस वर्षं खिळे लावलेत," आबा म्हणाले. "पण आमच्याकडे चूक झाली तर आधी कच्ची प्रत निघायची. तुमच्याकडे थेट पक्की काढतात वाटतं?"

"या वेळी कच्ची निघाली," ज्ञानदेव म्हणाला. "गुरुवारी." आबा खळखळून हसले. घरी आलेल्या कुठल्याही पाहुण्यापुढे आबा इतक्या लवकर असे हसले नव्हते.

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही बसलो. बूथवर शेजारच्या शैलाताईंना बसवलं होतं. सुरुवातीला मजा वाटली, मग बोटं दुखायला लागली. पहिली पाळी आली तेव्हा तर मान वर करायला फुरसत नव्हती. दर पंधरा मिनिटांनी ज्ञानदेव शिट्टी वाजवायचा आणि चारही कोपऱ्यांवर फिरून कागद गोळा करायचा. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी तो चौक त्याला पायी पार करावा लागायचा. तेवढा वेळ त्याचा कोपरा शैलाताई बूथमधून मोजायच्या. माझ्या कोपऱ्यावर तो शेवटी यायचा. कागद घेताना काहीतरी एवढंसं बोलायचा — "तहान लागली?" किंवा "रिक्षा चुकवू नका हं, एक आत्ता गेली." कागद त्याच्या हातात जाताना बोटांना बोटं लागायची. मी ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

दुपारी अडीचला पाळी बदलली. भुरभुर सुरू झाली होती. शिट्टी वाजवून तो पलीकडून निघाला, आणि नगर रस्त्याच्या बाजूनं एक बस दुसऱ्या बसला मागे टाकत आली. तो मधोमध. मला फक्त छत्री उडालेली दिसली आणि ब्रेकचा आवाज आला.

माझ्या हातातली फळी पडली. मी रस्त्यात कधी उतरले ते मला आजही आठवत नाही. तो दुभाजकाच्या दगडावर बसला होता, कोपर खरचटलेलं, कागद छातीशी धरलेले.

"लागलं?" मी विचारलं. आवाज माझा नव्हताच.

"नाही ना जी... कागद कोरडे आहेत."

"कागद गेले खड्ड्यात!" मी ओरडले. आमच्याकडे आवाज उतरतो असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी उतरला नाही. चौकातल्या सगळ्यांनी ऐकलं. दीपमालानं तर फारच नीट ऐकलं.

आम्ही माझ्या कोपऱ्यावर आलो. माझ्या कागदावर मध्येच कोरी जागा होती.

"किती वेळ गेला?" त्यानं घड्याळ बघितलं. "सहा मिनिटं."

"ऐन गर्दीची सहा मिनिटं. मी अंदाजे भरते. चाळीस-पन्नास दुचाक्या तरी..."

"नाही." त्यानं माझ्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली. "जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. एकदा चुकीचं मोजलं, आता खोटं नाही मोजायचं." आणि शेऱ्याच्या जागी त्यानं लिहिलं — 'सहा मिनिटे नोंद नाही. मोजणाऱ्याचे लक्ष नव्हते.'

"लक्ष नव्हतं कसं? कारण लिहा की!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. केसांतून पाणी गळत होतं. "कारणाचा रकाना नाही जी," तो म्हणाला.

शिट्टी वाजली. वाजवली त्यानंच, पण मीच जास्त दचकले.

संध्याकाळी बूथच्या टेबलावर चौघांनी बेरजा केल्या. सहा मिनिटं कोरी सोडूनसुद्धा आकडा निकषाच्या वर गेला, चांगला वर. अहवाल गेला, त्याच्यासोबत ज्ञानदेवनं लिहून दिलेली चूकही गेली. ऑगस्टच्या शेवटी त्याला कंपनीनं कायम केलं नाही. कुणी वाईट बोललं नाही. फक्त पत्र दिलं.

शेवटच्या शनिवारी दुपारी तो बूथमध्ये आला. पायाशी वळकटी आणि ट्रंक. रात्रीच्या गाडीनं आर्वीला निघाला होता. आबा कोपऱ्यात स्टुलावर पेपर वाचत होते. तो केबिनमध्ये गेला, आईशी बोलला. त्या दिवशी दार घट्ट ओढून. मीटर थांबलं. पण तो बाहेर येईना. पाठमोरा उभाच. मग पुन्हा नंबर फिरवू लागला.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो?"

"हॅलो... शालन रणपिसे आहेत का?"

मी काचेतून त्याच्या पाठीकडे बघत होते. "कोण बोलतंय?"

"मी... ज्ञानदेव खोडके. लोकल कॉल आहे."

"फारच लोकल आहे," मी म्हणाले.

"समोर बोलता येत नाही म्हणून..."

"मीटर चालू आहे."

"चालू द्या." तो थांबला. मला त्याचा श्वास दोनदा ऐकू येत होता, एकदा फोनमधून, एकदा दाराच्या फटीतून. "त्या सहा मिनिटांचं कारण... लिहू का?"

"तुम्हीच म्हणालात. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही."

"मला दिसलं ना जी. तुम्ही पळत येत होत्या. बस थांबली आहे की नाही, तेसुद्धा न बघता."

मीटरचा लाल आकडा एकनं पुढे सरकला.

"आईला सांगितलं?" मी विचारलं.

"आत्ताच."

"काय म्हणाल्या?"

"आडनाव विचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"मग लाइन कट झाली."

"झाली... की केली?"

"केली," तो म्हणाला. लपवलं नाही त्यानं. "पण मी तुम्हाला विचारून राहिलो आहे. आईला नाही."

छत्तीस वर्षं माणूस काय काय उत्तरं तयार करून ठेवतो. त्यातलं एकही आठवलं नाही. "मग आजच्या गाडीनं जाऊ नका," एवढंच म्हणाले.

"आणि आबा? आबा काय म्हणतील?"

पेपर खाली न करता आबा म्हणाले, "आबा म्हणतात, फोन ठेवा. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली आहेत."

तो गेला नाही. तेव्हा धायरीला शेतांमधून इमारती उठत होत्या, तिथल्या एका बांधकामावर देखरेखीचं काम मिळालं. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, दोन बस बदलून. त्याच्या बांधकामालाही सुट्टी गुरुवारची. गुरुवारी तो येई, चिंचेखाली थांबे आणि आबांना विहारात सोडून परत आणे. लग्न ठरल्यावर तारखेची चर्चा निघाली तेव्हा आबा म्हणाले, "गुरुवार धरा. सगळ्यांना सुट्टी असते. आता तर जावईबापूंनाही माहीत आहे." नोंदणी कचेरीत सह्या केल्या, विहारात वंदना झाली, आणि पॅकिंगच्या सगळ्या बायका जेवायला आल्या. दीपमालानं डिरेक्टरीचं प्लॅस्टिकचं कव्हर रंगीत कागदात बांधून आहेर म्हणून दिलं.

सिग्नल लागायला पुढची दिवाळी उजाडली. पहिल्या दिवशी आबा निघाले तेव्हा आम्ही दोघं मागे होतो, पण त्यांनी हात धरू दिला नाही. दिवा लाल झाला. बस थांबल्या, सायकली थांबल्या, दुचाक्याही थांबल्या. कुरकुरत का होईना. आबा पलीकडे पोचायची वाट न बघता अगदी मधोमध उभे राहिले, वळले आणि कुबडी वर केली. मागून एकानं हॉर्न वाजवला. "थांब रे," आबा म्हणाले, "पाच वर्षं मी थांबलो."

आबा २००९ साली गेले, घरी, झोपेत. बूथ त्याच्या आधीच बंद झाला होता; मोबाइल आले आणि केबिनमध्ये कुणी शिरेना. दीपमाला त्याच कंपनीतून निवृत्त झाली, आता मुलाकडे वाघोलीला असते, फोनवर अजून तशीच बोलते. माझ्या सासूबाई, सुशीलाबाई, लग्नाला आल्या नाहीत. पूर्वा झाली तेव्हा आल्या, दोन दिवसांसाठी. पहिल्या दिवशी माझ्या हातचं पाणी घेताना थांबल्या, दुसऱ्या दिवशी थांबल्या नाहीत, आणि शेवटची सहा वर्षं आमच्याकडेच राहिल्या. पोळ्या पातळ असतात ही तक्रार मात्र अखेरपर्यंत कायम होती. पूर्वा खराडीला आयटीत आहे. तिचे आईवडील फोनवर जुळले, हे ती मित्रमैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

ज्ञानदेव आतल्या खोलीत पेपर वाचतोय. बांधकामांतून दोन वर्षांपूर्वी सुटला. सकाळी फिरायला जातो तेव्हा आम्ही चिंचेच्या चौकात थांबतोच. चिंच नाही, सिग्नल आहे. परवा गुरुवार होता. चारही बाजूंनी गाड्या भरून वाहत होत्या, आयटीच्या बस, मोटारी, डबे पोचवणारी मुलं. आताच्या लोकांना सुट्टी शनिवार-रविवारी असते.

"बघ," मी म्हणाले, "आता गुरुवारी मोजलंस तरी आकडा बरोबर येईल."

त्यानं रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग बरं झालं ना जी," तो म्हणाला, "तेव्हाच चुकून घेतलं."

दिवा बदलला. त्यानं हात पुढे केला आणि आम्ही रस्ता ओलांडला.